फोटो गाडीचा की बोर्डाचा?

मंडईच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात सात नव्या गाड्यांचे फोटो आले. चार बाईक, दोन स्कूटी आणि एक सेकंडहँड स्विफ्ट. दिवाळी झालेली, धान कापणीला आलेला किंवा विकून झालेला, घरोघरी थोडा पैसा खेळता, त्यामुळे गाड्या येणारच. अभिनंदनाचे अंगठे मीही दिले. पण फोटो नीट बघितले तेव्हा एक गंमत लक्षात आली. दोन फोटोंत मधोमध नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा बोर्ड होता. एकात इटियाडोहचं पाणी. एकात हाजरा फॉलकडे जाणारा रस्ता. उरलेल्या तिघांत मालक स्वतः, गॉगल लावून, असा काही उभा की मागे गाडी आहे की म्हैस ते कळू नये. स्विफ्टचा रंग पांढरा की चंदेरी, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे, राग आला तरी चालेल. आपण गाडीचे फोटो काढतच नाही. आपण 'मी इथे आलो होतो' याचे फोटो काढतो आणि गाडीला साक्षीदार म्हणून उभी करतो. त्यात गाडी बिचारी वाईट दिसते, आणि ज्या जागेवर आपण ती उभी करतो त्या जागेचंही कधीकधी वाटोळं होतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. मागच्या वर्षी बाबांनी त्यांची २००९ची हिरो होंडा स्प्लेंडर विकायला काढली. फोटो काढायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, कारण घरात चांगला मोबाईल माझा. मी भर दुपारी बारा वाजता अंगणात गेलो, उभ्याउभ्याच सहा फोटो मारले आणि ऑनलाइन टाकून मोकळा झालो. दोन दिवसांत तीन मेसेज आले. एकाने विचारलं, "भाऊ, गाडी भंगारात द्यायची आहे का?" दुसऱ्याने किंमत इतकी कमी सांगितली की मी बाबांना सांगितलीच नाही. बाबांनी मात्र फोटो बघितले. चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला आणि म्हणाले, "हे आपलीच गाडी हाय का गा?"

हा प्रश्न लागला मला. सोळा वर्षं तो माणूस त्या गाडीवर ड्युटीला गेला. दर रविवारी जुन्या बनियनच्या फडक्याने ती पुसायचा. आणि माझ्या फोटोत ती ओळखू येत नव्हती.

मग मी तेच फोटो घेऊन बसलो आणि काय चुकलं ते शोधत गेलो. चुका पुष्कळ होत्या, पण सगळ्यात मोठी होती ती उंचीची. आपण पाच-साडेपाच फुटांवरून खाली बघत फोटो काढतो. गाडीची उंची बाईक असेल तर आपल्या कमरेएवढी, कार असेल तर छातीएवढी. वरून बघितली की कुठलीही गाडी बुटकी, चेपलेली दिसते. खाली बसा. गुडघे टेका, पँट मळू द्या. मोबाईल हेडलाइटच्या उंचीवर आणला की तीच गाडी एकदम ऐटीत उभी राहते. शोरूमच्या जाहिरातीतली गाडी आणि आपली गाडी यांच्यातला निम्मा फरक तर इथेच मिटतो, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरी चूक जवळून फोटो काढायची. मोबाईलचा मुख्य कॅमेरा बऱ्यापैकी रुंद असतो. त्याच्या तोंडाशी जे येईल ते फुगतं. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं ना, तसंच गाडीचं हेडलाइट आणि बंपर फुगतं आणि मागची बाजू उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होते. दहा-बारा पावलं मागे जा, मग झूम टू एक्सवर न्या. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये टू एक्सपर्यंत फोटो फारसा बिघडत नाही. गाडी तिच्या खऱ्या मापात दिसते. पॉइंट फाइव्हचा लेन्स मात्र विसरा. तो लग्नातल्या ग्रुप फोटोसाठी ठेवा.

आणि लेन्स पुसा. हे लिहायलाही कसंतरी वाटतं, पण खिशात घाम, तंबाखूची पुडी, पाच रुपयांची नाणी आणि त्यातच मोबाईल! मग आपण म्हणतो, या फोनचा कॅमेरा धुरकट आहे.

आता वेळेबद्दल. यूट्यूबवर सगळे सांगतात, 'गोल्डन अवर'ला शूट करा. खरं आहे, सूर्य मावळायच्या आधीचा तासभर आणि उगवल्यानंतरचा तासभर उजेड तिरपा, मऊ आणि पिवळसर असतो. पण हे सांगणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. त्यांच्या घड्याळावर विसंबून राहिलात तर तुम्ही पोचेपर्यंत अंधार पडलेला असेल. देशाचं घड्याळ एकच असलं तरी सूर्य काही सगळीकडे एकाच वेळी मावळत नाही. एका रेखांशाला चार मिनिटं, असं शाळेत शिकलो होतो. मुंबई ७३ अंशांच्या जवळ, गोंदिया ८० अंशांच्या थोडं पुढे. म्हणजे आपला सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या आसपास मावळतो, मेच्या शेवटी पावणेसातच्या सुमारास. तेव्हा थंडीच्या दिवसांत साडेचारला गाडी जागेवर उभी पाहिजे. चहा नंतर.

माझं स्वतःचं मत आणखी थोडं वेगळं आहे. मला सूर्य मावळल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं जास्त आवडतात. कारण गाडीचं अंग म्हणजे आरसा. तिच्यावर जे दिसतं ते समोरच्याचं प्रतिबिंब असतं. उन्हात काळी बाईक काढली की टाकीवर एक पांढरा फटकारा आणि त्यात वाकडातिकडा तुम्ही. सूर्य गेला की सगळं आभाळच एका मोठ्या ट्यूबलाइटसारखं होतं आणि गाडीच्या कडा, वळणं एकेक करून दिसायला लागतात. फोटो काढण्याआधी गाडीकडे बघू नका, गाडीत काय दिसतंय ते बघा. विजेचा खांब, शेजाऱ्यांचा वाळत घातलेला टॉवेल, दात काढून हसणारा मित्र. दोन पावलं सरकलात तरी निम्मं गायब होतं. कारच्या काचेवरचा चकचकाट जात नसेल तर एक जुगाड आहे. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच मोबाईलच्या लेन्ससमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनाला काचेवरचं आभाळ पुसल्यासारखं जातं.

पांढऱ्या गाड्यांचं वेगळं दुखणं. आपल्याकडे बोलेरोपासून डिझायरपर्यंत निम्म्या गाड्या पांढऱ्या, आणि मागे हिरवागार किंवा गर्द जंगलाचा पडदा. मोबाईल त्या गडद भागाला उजळायला जातो आणि गाडी चुन्याच्या ढेकळासारखी भकभकीत होते. स्क्रीनवर गाडीवर बोट ठेवा, बाजूला छोटा सूर्य दिसेल, तो जरा खाली ओढा. बॉनेटवरची रेघ दिसायला लागली की थांबा. कार तिरपी उभी केली असेल, म्हणजे समोर आणि एक बाजू दोन्ही दिसत असतील, तर स्टिअरिंग कॅमेऱ्याच्या उलट दिशेला थोडं फिरवा. मग टायरच्या नक्षीऐवजी रिम दिसते. बाईक साइड स्टँडवर कलंडलेली दिसते, तिला मेन स्टँड असेल तर त्यावर उभी करा.

एवढं सगळं सांगितल्यावर मित्र म्हणतो, "अबे, पण घरासमोर काढला तर लाइक कोण देईल? मुरदोलीच्या जंगलात काढून राहिलो ना आपण."

बरं, मुरदोलीचंच बोलू.

गोरेगावकडून कोहमाऱ्याला जाताना तो जंगलाचा पट्टा लागतो. दोन्ही बाजूंनी झाडी, मधून डांबरी रस्ता, पावसाळ्यात तर वेड लागावं असा हिरवा. आमच्या अख्ख्या ग्रुपचा तो ठरलेला 'स्पॉट'. पण नागझिरा आणि नवेगाव यांच्या अधल्यामधल्या जंगलातून जनावरं ये-जा करतात आणि आपला रस्ता त्यांच्या रस्त्याला आडवा जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात रात्री एका कारने तरुण वाघाला धडक दिली. तो वाचला नाही. त्या जखमी वाघाचा व्हिडिओ आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला आहे. मोडलेल्या अंगाने रस्त्यावरून सरपटत झाडीत जाऊ पाहणारा वाघ. माझ्या मोबाईलवर तो व्हिडिओ चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला होता आणि मीही तो पुढे पाठवला होता.

ती धडक फोटोसाठी थांबलेल्या कुणामुळे झाली असं मी म्हणत नाही. तसं नव्हतंच. पण त्यानंतरही आपण त्याच वळणावर बाईक आडवी लावतो, इंडिकेटर चालू ठेवतो (फोटोत छान दिसतो म्हणून), एक जण रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसतो आणि दुसरा दोन्हीकडे बघत "येऊन रायली, येऊन रायली" ओरडतो. मागून ट्रक वळणावर आला तर त्याला ब्रेक मारायला जागा नाही. रस्ता ओलांडायला थांबलेलं सांबर असेल तर ते परत आत जातं, किंवा घाबरून भलत्याच ठिकाणाहून उडी मारतं. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचा एकच नियम पाळण्यासारखा आहे: हळू जा आणि थांबू नका. आपण नेमकं उलटं करतो. सुसाट जातो आणि मधेच थांबतो.

फोटोच्या हावेने माणूस काय करतो त्याचं दुसरं उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली. गाड्यांत बसलेले सगळे फोटो काढत होते. ते चित्र बाहेर आलं, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी तिथे जिप्सीत बसलेला प्रत्येक जण स्वतःला निसर्गप्रेमीच समजत असणार. म्हणून तर तो तिथे गेला होता.

तेव्हा मित्राचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. गाडी मिरवावीशी वाटणं यात चूक काही नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतली माणसं जत्रेतल्या फोटो स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर, पुठ्ठ्याच्या मोटारीत किंवा विमानात बसून फोटो काढून घ्यायची. ती मोटार कुठेच जात नव्हती, पण फोटो मात्र भिंतीवर फ्रेममध्ये वर्षानुवर्षं राहायचा. आपल्याकडे तर खरी गाडी आहे, बापाने हप्ते भरून आणलेली. ती दाखवाच. मला फक्त पडद्याबद्दल भांडायचं आहे. पडदा म्हणून जंगल कशाला?

गोंदियात पडद्यांची काय कमी आहे! राइस मिलची लांबलचक भिंत घ्या. रंग उडालेली, कोंड्याच्या धुळीने पिवळट झालेली, आणि संध्याकाळी तिच्यावर जो उजेड पडतो तसा शहरातल्या कुठल्या कॅफेतही मिळणार नाही. मालकाला विचारून घ्या, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. बाजार समितीचं आवार सुटीच्या दिवशी रिकामं असतं. गावातल्या शाळेचं मैदान रविवारी आपलंच. पावसाळ्यात तुमच्याच गल्लीत खड्ड्यात पाणी साचलेलं असतं (नगरपालिकेची कृपा). मोबाईल उलटा करा, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली येईल, आणि अगदी पाण्याजवळ धरा. खड्डा फोटोत तळ्यासारखा दिसतो आणि गाडी त्यात दुसऱ्यांदा उभी राहते. मी हे करून बघितलं आहे. आमच्या ग्रुपवर दोघांनी विचारलं, हे नवेगाव बांध आहे का म्हणून.

धानाच्या बांध्या मात्र जरा विचार करून. आपल्या जिल्ह्यात सारस आहे, महाराष्ट्रात जवळजवळ इतरत्र कुठे उरलेला नाही, आणि तो पावसाळ्यात घरटं करतो ते याच पाणी भरलेल्या बांध्यांत. परसवाडा, झिलमिलीच्या तळ्यांच्या बाजूला गेलात तर धुऱ्यावरून बाईक आत घालू नका. शेतकऱ्याचा धुराही फुटतो ते वेगळंच. रेल्वे रुळांबद्दल मी काही लिहीत नाही. रुळांवर फोटो काढणं रेल्वे कायद्यात गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि ज्यांना तरीही जायचं आहे ते हा लेख वाचत नसतील.

चालत्या गाडीचा फोटो हवा असेल तर त्याचीही सोय आहे, आणि तिला वेग लागत नाही. हीच तर मजा. मैदानावर मित्राला वीसच्या स्पीडने सरळ रेषेत जाऊ द्या. तुम्ही एका जागी उभे राहा, मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/३० ठेवा, आणि गाडी जाईल तसं कमरेतून वळत बटण दाबा. गाडी स्पष्ट आणि मागचं सगळं ओढल्यासारखं येतं. बघणाऱ्याला वाटतं नव्वदने चालली आहे. पहिले वीस फोटो फसतील, एकविसावा जमेल. भर उन्हात या शटरला फोटो पांढरा पडतो म्हणून हेही संध्याकाळीच. चालवणाऱ्याने स्वतः एका हाताने मोबाईल धरून रील काढायची जी पद्धत आहे तिच्याबद्दल एवढंच सांगतो, की २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चालवताना हातात मोबाईल धरणं 'धोकादायक ड्रायव्हिंग'च्या कलम १८४ मध्ये येतं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड किंवा कैदसुद्धा. आमच्या वर्गातल्या एकाच्या हाताला अजून रॉड आहे. रील त्याच्याकडे नाही, मोबाईलच फुटला.

तर स्प्लेंडर. पुढच्या रविवारी बाबांनी ती नेहमीसारखी पुसली. मी त्यांना साडेचारला अंगणाबाहेर आणायला लावली, समोरच्या सारवलेल्या भिंतीसमोर मेन स्टँडवर उभी केली आणि मातीत बसलो. आईने विचारलं, काय सांडलं? एक फोटो पाऊण बाजूने, एक पूर्ण बाजूने, एक मीटरचा, आकडा वाचता येईल असा. आणि टाकीच्या डाव्या बाजूला एक ओरखडा आहे, मी आठवीत असताना गाडी सायकलीसारखी वळवायला गेलो तेव्हाचा. बाबा म्हणाले, तो नको काढू. मी म्हटलं, तोच सगळ्यात नीट काढतो. गिऱ्हाईक घरी येऊन ओरखडा शोधणार, मग त्यावरून पाचशे कमी करणार. आधीच दाखवला तर त्यावर बोलायला त्याच्याकडे काही उरत नाही.

आमगावकडचे एक काका आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मोबाईलमधला फोटो आणि टाकी दोन्ही बघितलं आणि म्हणाले, "फोटोत हाय तशीच हाय." भाव थोडा केला, पण पहिल्या मेसेजवाल्यापेक्षा बरेच जास्त देऊन गेले. जाताना बाबांनी त्यांना चोक कसा ओढायचा ते दोनदा सांगितलं. काकांकडे स्वतःची स्प्लेंडर बारा वर्षं होती हे त्यांनी आधीच सांगितलं होतं तरी.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, तो फोटो मला पाठव. मी विचारलं, कोणता, पाऊण बाजूचा? म्हणाले, "नाही गा, टाकीचा."